मुद्देमालाला काकडी आवडते

४ मार्च

नाही गं, चावत नाहीत. चावायचं तर तोंड बाहेर काढावं लागतं, आणि तुझी ही पाहुणेमंडळी मला बघितलं की तोंड आत घेतात. तुझ्या मामांचीही हीच सवय होती, त्यामुळे मला त्यात काही नवीन नाही.

"मामी, आठवडाभर सांभाळ" असं म्हणून जीपमधून टोपल्या उतरवून गेलीस. तो आठवडा कधीच संपला. ही तक्रार नाही हो रेंजरीणबाई, वनखात्यात आठवडा केवढा असतो ते विचारतेय. फोनवर यातला शब्द काढायचा नाही असं दटावून गेलीस, म्हणून हे पत्र तुझ्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. माझी शाळा गावची, तीही मास्तर आले तर भरायची. शुद्धलेखन काढत बसू नकोस.

तर तुझी एकवीसही कासवं खुशाल आहेत. मामांनी रोपांसाठी जाळी लावली होती ना परसात, तिच्या आत सोडलीत. मागच्या बाजूला काटेकुंपण आहेच. नावं ठेवली आहेत, कारण एकवीस जणांना "ए" म्हणून हाक मारणं बरं दिसत नाही. सगळ्यात मोठी ती थोरली जाऊ. आधी जेवते आणि मग बाकीच्यांच्या पानावर पाय देऊन उभी राहते. हेडमास्तर रोज सकाळी जाळीच्या कडेकडेनं एक फेरी मारतात, कुठे काही चुकलंय का बघतात आणि चुकलेलं नसलं तरी नाराज होतात. विहीणबाई बोलावल्याशिवाय काकडीजवळ येत नाहीत. जावयाचं सांगत नाही, तो सगळ्यांना ढुशा देतो.

पाठीवर काय चांदण्या आहेत गं त्यांच्या! आणि हे असलं जिवंत लेणं कोणी पायमोज्यात कोंबून पेटीत कपड्यांसारखं रचतो? तू सांगितलंस तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. शेंडेफळ आलं तेव्हा त्याच्या पायात मोज्याचा दोरा अडकलेला होता. मी कात्रीनं कापला. तोपर्यंत हूं की चूं केलं नाही त्यानं.

मामा गेल्यापासून मी परसात जात नव्हते. रोपं वाळली, पिशव्या फाटल्या, मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. आता उठल्यावर चहा टाकायच्या आधी तिकडे जाते. तुझे आभार मानते. फार नाही, थोडे.

तुझी मामी

९ मार्च

प्रिय मामी,

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाबूंना वाटलं बदली झाली माझी.

एक गोष्ट नीट सांगते, म्हणजे तुला कळेल मी तुझ्या गळ्यात हे काय अडकवलंय. ही कासवं ज्या शेठच्या पेट्यांतून सोडवली, त्याचेच पोपट दोन वर्षांपूर्वी पकडले होते. आम्हाला जागा नाही म्हणून लाकडाच्या गोदामात ठेवले. तारखा पडत गेल्या आणि पोपट मरत गेले. शेवटी कोर्टात मी रिकामे पिंजरे घेऊन उभी राहिले. शेठचे वकील म्हणाले, यात पोपट होते हेच कशावरून? शेठ सुटला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ताई, दमलात का? पाणी देऊ?"

म्हणून या वेळी कासवं गोदामात ठेवली नाहीत. मामांच्या नोकरीमुळे खात्याला तुझं घर माहीत आहे, कुंपण आहे, म्हणून कोर्टाकडून परवानगी काढून तुझ्याकडे दिली. कायद्याच्या भाषेत ती कासवं नाहीत, मुद्देमाल आहे. एप्रिलमध्ये सुनावणी आहे. त्या दिवशी ती सगळी जिवंत हवीत, आणि जी पकडली तीच आहेत हे सिद्ध व्हायला हवं. एवढं झालं तर शेठ आत. नाही झालं तर तो परत त्याच माळरानावर माणसं पाठवेल, आणि पाचसहा वर्षांत तिथे एक कासव दिसणार नाही. माझे साहेब म्हणतात, "कासवांसाठी एवढं?" त्यांना काय सांगू?

तेव्हा कोणाला सांगू नकोस, अनोळखी माणसाला आत घेऊ नकोस. आणि त्यांच्या पाठीवर निळ्या रंगानं आकडे टाकलेत ते पंचनाम्यातले आहेत. त्यांना हात लावू नकोस. अंघोळ वगैरे तर अजिबात घालू नकोस.

तुझी भाची

१२ मार्च

चि. रेंजरीणबाईस,

अंघोळ घालून झाली.

आधी सांगायचं ना गं! एवढी शिकलीस आणि महत्त्वाचं शेवटच्या ओळीत लिहितेस. तुझं पत्र आलं तेव्हा हेडमास्तर बादलीत बसले होते आणि बाकीची मंडळी उन्हात वाळत होती. माझी काय चूक? कोर्टात जायचंय म्हणालीस. माणसं तालुक्याला जाताना केस विंचरतात, मग ही चिखलमाखल्या पाठीनं न्यायाधीशांपुढे जाणार होती? माझ्या घरून? लोक काय म्हणतील, मामीनं नीट ठेवलं नाही. म्हणून चांगली घासणी आणि राख घेतली. थोरल्या जावेला जरा जास्तच रगडलं, तो हिशेब जुना आहे.

आकडे गेले. एकूण एक गेले. सरकारी रंग कसला गं तो, पाणी लागताच पळाला. आता कोण एक आणि कोण एकवीस ते मला माहीत नाही. त्यांना विचारलं, तीही काही बोलत नाहीत.

मी भांड्याला मारायचा रंग आणून अंदाजानं आकडे काढणार होते. मग वाटलं, चूक केली ती केली, वर खोटेपणा नको. मामा असते तर चष्म्यावरून बघत राहिले असते. ते नुसतं बघायचे, आणि मी न केलेल्या चुकाही कबूल करायचे.

केस बुडाली का गं? मला झोप नाही. लवकर लिही.

तुझी मूर्ख मामी

(मूर्ख मी म्हणायचं. तू म्हटलंस तर खबरदार.)

१५ मार्च

मूर्ख मामी,

खबरदार म्हणालीस, तरी एकदाच म्हणून घेतेय.

केस बुडालेली नाही. पत्र वाचून मी खुर्चीत बसकण मारली हे खरं, पण मग आठवलं. पकडली त्याच दिवशी प्रत्येकाच्या पाठीचा फोटो काढून कोर्टात दिलाय. या जातीच्या प्रत्येक कासवाच्या पाठीवरच्या चांदण्या वेगळ्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. आकडा पुसता येतो, चांदणी घासणीनं निघत नाही. उलट तू एवढं लखलखीत केलंस की फोटोशी ताडायला सोपं जाईल. सोबत आलेल्या बाबूंकडे फोटो आहेत आणि पक्का रंग आहे. ते एकेकाला ओळखून पुन्हा आकडे टाकतील. तू घासायचं सगळं सामान कपाटात ठेव आणि किल्ली ड्रायव्हरला दे.

आता दुसरं. आमच्या ऑफिसात कोणीतरी गोडगोड बोलून चौकशी करून गेलंय, माल कुठे ठेवलाय म्हणून. कोणी सांगितलं का, ते कळत नाही. तुला भीती वाटत असेल तर सांग. मी कासवं दुसरीकडे हलवते. कुठे, ते मलाही माहीत नाही, पण हलवते.

खरंच सांग हं. मामांसारखं तोंड आत घेऊन बसू नकोस.

तुझी भाची

१९ मार्च

भाचीबाई,

भीती कसली. सासूबाईंबरोबर बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढलीत मी.

बाबू आले, आकडे टाकले, दोनदा चहा प्याले. थोरल्या जावेचा आकडा पहिला निघाला. तिथेही पहिलीच.

ऊन फार वाढलंय. मंडळी आळसावलीत, काकडी टाकली तरी उठून येत नाहीत. विहीणबाईंना तीनदा बोलवावं लागतं.

परवा एक माणूस पाणी प्यायला आला होता. बूट चकचकीत, बोलणं तेल लावल्यासारखं. पाणी प्याला, कुंपणाचं कौतुक केलं, थोडं बोलला, गेला. विशेष काही नाही.

तुझ्या जीपचे ब्रेक शेवटचे कधी तपासले होते? घाटातून तू एकटी जातेस का? ड्रायव्हरला घेऊन जात जा. आणि रोज एकाच वेळी निघू नकोस.

बाकी ठीक.

मामी

२३ मार्च

मामी,

हे कसलं पत्र? एवढंसं! त्यात एकसुद्धा टोमणा नाही. सासूबाईंना मध्ये आणलंस तेवढंच तुझं वाटलं, बाकी दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखं.

काल ड्रायव्हर भाजी घेऊन आला तर तू दार उघडलं नाहीस म्हणे. आतूनच म्हणालीस, "बरं नाही, पायरीवर ठेव." तू? ज्या बाईनं ताप असताना डॉक्टरलाच चहा करून पाजला, ती?

ब्रेकचं काय मध्येच? कोण होता तो माणूस? काय बोलला? मी स्वतः निघाले असते, पण साहेबांनी रविवारपर्यंत तपासणीला अडकवलंय. सोमवारी येते. तोपर्यंत उत्तर पाठव. एक ओळ लिही, पण खरी.

तुझी भाची

२६ मार्च

अगं सोमवारी येऊन गेलीस, तरी पत्र मागतेस? म्हणे, "घडलेलं सगळं तुझ्या शब्दांत लिहून दे, पोलिसांना लागेल." घे मग माझ्या शब्दांत. पोलिसांना झेपतंय का बघ.

रविवारी सकाळी तो चकचकीत बूटवाला परत आला. या वेळी एक गाडी, दोन गडी आणि रिकामी पोती. गळ्यात कसलंसं कार्ड. म्हणाला, मी खात्याचा जनावरांचा डॉक्टर, तपासायला न्यायची आहेत. मी म्हटलं, या, बघा, घर तुमचंच आहे.

आत आले. जाळीत बघतात तर काय? रिकामी! एक कासव नाही. पालथं पडलेलं पाण्याचं भांडं आणि काकडीची सालं. डॉक्टरसाहेब माझ्याकडे बघतात, मी आभाळाकडे. "कुठायत?" म्हणाले. मी म्हटलं, "सकाळपासून मीही बघितली नाहीत हो. फिरायला गेली असतील." मग काय विचारता! पोती टाकली, पालापाचोळा लाथाडला, लाकडं उचकली. एक गडी काटेकुंपणात घुसला आणि पाटलोणीचा तुकडा तिथेच ठेवून बाहेर आला. तो तुकडा मी सोडवून ठेवलाय, चांगल्या कापडाची आहे पाटलोण. डॉक्टर लालबुंद. "म्हातारे, आम्हाला बनवतेस?" म्हणाला. म्हातारी म्हटल्याचं तेवढं केसमध्ये घाल.

जाताना मी गाडी बघितली. बाजूला नवा पांढरा रंग फासलेला, पण घाईत खालपर्यंत पोचला नव्हता. खालून एका माशाची शेपटी डोकावत होती. लाल, झालरीवाली. शेठचं शोभेच्या माशांचं दुकान आहे म्हणालीस ना? मग तोच मासा.

तुझी कासवं दुपारनंतर, मी पाचोळ्यावर पाणी शिंपडलं तेव्हा, एकेक करून हजर झाली. तू मोजलीसच. कुठे ठेवली होती ते विचारू नकोस. कारागिराची कला असते ती.

माझे गुडघे सोलवटलेले बघून तू मलम लावलंस आणि विचारलंस, हे कशानं. वय झालं गं. या वयात माणूस जमिनीवर जास्त असतो.

मामी

५ एप्रिल

मामी, माझी सोन्याची मामी,

मासा सापडला! शेठच्या दुकानामागेच गाडी उभी होती, पांढरा रंग अजून तसाच अर्धवट. डॉक्टरला पकडलं. तो शेठच्या दुकानात माशांना खाणं घालतो. पाटलोणीचा तुकडा जिथून फाटला तिथे बरोबर बसला. शेठचा जामीन रद्द झाला, कारण पुरावा पळवायचा प्रयत्न. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. तो पोलिसांना सारखं एकच सांगतोय, "त्या बाईनं आम्हाला फसवलं, फसवलं हो आम्हाला."

तुझी गोष्ट आमच्या सगळ्या ऑफिसभर झालीय. साहेब, जे कधी हसत नाहीत, त्यांनी माझ्याकडून दोनदा ऐकली. म्हणाले, "तुझ्या मामीला खात्यात घ्यायला हवं होतं, मामांच्या जागी."

माझ्या हाताखालच्या पोरी विचारतात, कुठे लपवली असतील? एक म्हणते पाण्याच्या टाकीखाली, एक म्हणते पलंगाखाली. पैज लागलीय. सांग ना.

तुला साक्षीला यावं लागणार आहे. घाबरू नकोस. पण तुला काय सांगायचं ते?

तुझी भाची

२० एप्रिल

भाचीबाई,

माझी साक्ष होईपर्यंत तुला बाहेर बसवलं, म्हणून तू आत काय झालं ते बघितलं नाहीस. सरकारी वकिलांनी सांगितलं असेलच, पण त्यांना गोष्ट सांगता येत नाही. "साक्ष समाधानकारक झाली" म्हणाले असतील.

पेटीच्या उंचीचा एक कठडा असतो, त्यात उभं केलं. शपथ दिली. टेबलावर आपली मंडळी टोपलीत. शेठ बाकावर, पायात मोजे. मी आधी मोजेच बघितले.

शेठचे वकील उठले. उंच, बारीक, चष्मा. म्हणाले, "बाई, ही तीच कासवं हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी म्हटलं, "मी म्हणत नाही, फोटो म्हणतात. मी फक्त घासली." न्यायाधीश म्हणाले, "काय केलं?" मी म्हटलं, "अंघोळ घातली साहेब, तुमच्यापुढे यायचं होतं." कोर्टात माणसं हसली. न्यायाधीशांनी फोटो मागवले आणि एकेक कासव उचलून स्वतः ताडून बघायला लागले. वकिलांनी पुढे होऊन थोरल्या जावेला उचललं, उलटं धरून बघितलं. तिला उलटं धरलेलं आवडत नाही. तिनं त्यांच्या फायलीवर जे करायचं ते केलं. त्या क्षणी मी तिचे सगळे जुने अपराध माफ केले.

मग वकील चिडून म्हणाले, "बाई, तुम्ही फार चलाख आहात असं ऐकतो. त्या रविवारी ही कासवं तुम्ही कुठे लपवली होती?" खरं बोलायची शपथ घेतली होती, म्हणून जपून बोलले. म्हटलं, "वकीलसाहेब, कासवाला लपवायला दुसरं कोणी लागत नाही. ते काम त्याचं तेच करतं." न्यायाधीश हसले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न."

बाहेर आल्यावर तू मला मिठी मारलीस, गणवेशात, सगळ्यांसमोर. तुझा बिल्ला माझ्या गालाला टोचला. अजून वळ आहे. राहू दे.

मामी

२२ ऑगस्ट

प्रिय मामी,

निकाल तू ऐकलासच. शेठला शिक्षा झाली. या जनावरांच्या व्यापारात आमच्या भागात एवढी मोठी पहिलीच. तो आत जाताना मी दारात उभी होते. पाणी देऊ का, असं विचारणार होते. नाही विचारलं. मामा चष्म्यावरून बघत आहेत असं वाटलं.

काल कासवं सोडली. तू आली नाहीस. "मला जमणार नाही" म्हणालीस, मी आग्रह केला नाही. म्हणून नीट लिहिते. माळावर गवत गुडघ्याएवढं झालंय. मधमाश्या, ओली माती. टोपल्या ठेवल्या आणि आम्ही मागे सरलो. जावई सगळ्यांना ढकलून पहिला गेला. थोरली जाऊ दोन पावलं चालली आणि समोर दिसेल ते खायला बसली. हेडमास्तरांनी टोपलीच्या कडेनं एक फेरी मारली. विहीणबाई बाहेरच येईनात. शेवटी मी वाकून म्हटलं, "या ना विहीणबाई, घर तुमचंच आहे." आल्या. माझ्याबरोबरचे साहेब हे बघत होते. तेही खाली वाकून म्हणाले, "या, या." मामी, साहेब!

पूर्वी शेठला कासवं पकडून देणारे तिथले दोघं जण आले होते. लांब उभे होते. मग त्यातल्या एकानं जवळ येऊन सांगितलं, इथे नको, त्या झुडपांपाशी सोडा, दुपारी सावली असते. आम्ही टोपल्या तिकडे नेल्या. शेंडेफळ सगळ्यात शेवटी गेलं. त्याच्या पायाला दोऱ्याची खूण राहिलीय, चालण्यात मात्र काही फरक नाही.

एक सांगायचंय. तोंडावर सांगता आलं नसतं. त्या पोपटांनंतर मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. कासवं पकडली तेव्हाही मनात हेच होतं की ही मेली की संपलं. शेठचे लोक माझ्याबद्दल काय काय चौकश्या करतात ते मला कळत होतं. मी घाबरले होते. मग तुझं ते रविवारचं पत्र आलं. मला वाटलं, माझी मामी एकटी, गुडघे फुटलेले, तीन पुरुष परसात, आणि ती आभाळाकडे बघत उभी आहे. ती घाबरत नाही, तर मी कोण? त्या एका गोष्टीवर मी पुढचे महिने काढले. तू त्यांच्यापुढे वाकली नाहीस, म्हणून मीही वाकले नाही. तुझे आभार कसे मानू कळत नाही. फार मानते, थोडे नाही.

आता तरी सांग. कुठे लपवली होतीस?

तुझी भाची

३० ऑगस्ट

चि. भाची,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साहेब वाकले तिथे दोनदा जास्त.

परस रिकामं झालंय, पण पडदा ओढलेला नाही. मामांच्या पिशव्यांत पुन्हा माती भरलीय. जाळीच्या कडेला हेडमास्तरांनी फेऱ्या मारून पायवाट केलीय, तिच्यावर मी काही लावणार नाही. काकडीचे वेल मात्र उगीच एवढे फोफावलेत, खाणार कोण? तू पुढच्या वेळी कोणाला पकडलंस तर आधी त्याला काकडी आवडते का ते विचार.

तुझे आभार मानायचे तर कागद पुरणार नाही. मामा गेल्यावर सगळे म्हणत होते, आता आराम कर. म्हणजे काय, तर बसून राहा. तू एकटीच होतीस जी टोपल्या घेऊन आलीस आणि म्हणालीस, सांभाळ. माणसाला कोणी कामाला लावलं की त्याला वाटतं, आपण अजून आहोत. हे मी तुला आजवर टोमण्यांतूनच सांगत आले. आज सरळ सांगते.

आणि सरळच सांगायचं तर सगळंच सांगते. तू त्या गोष्टीवर महिने काढलेस असं लिहिलंस, आता ते लपवून चालणार नाही.

तो पाणी प्यायला आला, पहिल्यांदा, त्या दिवशी "थोडं बोलला" असं मी लिहिलं होतं. काय बोलला ते लिहिलं नव्हतं. पाणी पीतपीत म्हणाला, "तुमची भाची घाटातून एकटीच जाते ना? तिसऱ्या वळणावर ती हॉर्न देते. गुणी मुलगी. जीप मात्र जुनी आहे, ब्रेकचा काय भरवसा. कासवं देऊन टाका मावशी, आणि भाची सांभाळा." पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि हसला.

तिसऱ्या वळणावर तू हॉर्न देतेस, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

तुला कळवलं असतं तर तू आणखी चवताळून तिथूनच गेली असतीस. मी ओळखते तुला.

मी हो म्हणाले, भाची. लगेच म्हणाले, विचारसुद्धा केला नाही. रविवारी या, टोपल्या भरून ठेवते, असं मीच सांगितलं. म्हणून तर ड्रायव्हरला तोंड दाखवलं नाही. म्हणून तर तो रविवारी निर्धास्त आला, आणि म्हणून तर तो "फसवलं, फसवलं" म्हणत बसला होता. त्याचं खोटं नव्हतं, वचन मी दिलं होतं.

रविवारी सकाळपासून मी टोपली घेऊन परसात गुडघ्यांवर रांगत होते. काट्यांत हात घातले, पाचोळा उपसला, एकेकाला नावानं हाका मारल्या. विहीणबाईंच्या तर विनवण्या केल्या. त्या उन्हाला कंटाळून सगळीच्या सगळी अशी काही पाचोळ्यात दडली होती की माझ्या हाताला एकही लागलं नाही. तो आला तेव्हा मी खरंच रडवेली होते. आभाळाकडे बघत होते ते तुझ्यासाठी. माशाची शेपटी दिसली तेव्हा कळलं की हा तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी याला पकडायला हवं, म्हणून ते पत्र तेवढं ऐटीत लिहिलं.

मी त्यांना लपवलं नव्हतं गं. देऊन टाकायला शोधत होते. माझं ऐकलं नाही त्यांनी, म्हणून तुझी केस उभी राहिली, आणि त्याबद्दल मी रोज सकाळी त्या रिकाम्या जाळीपाशी जाऊन एकवीस जणांचे आभार मानते.

पण उद्या तो परत आला आणि तिसऱ्या वळणाचं नाव काढलं, तर मी परत हो म्हणेन.

तुझी मामी